वरच्या पायरीवरची बाई

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी वाराणसीतल्या एक निवृत्त शिक्षिका घरातून बाहेर पडल्या आणि परतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह गंगेपलीकडच्या रामनगरच्या पुलाच्या खांबापाशी अडकलेला सापडला. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम होती. वय सत्तरीच्या पुढे. माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत, हे मिसळलेले नाही.

नावे देत नाही. मृत शिक्षिकेला आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे 'बाई' म्हणत, मीही इथे तेच म्हणेन. बाई नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. पती रेल्वेत नोकरीला होते, म्हणून त्या लग्नानंतर काशीत आल्या आणि इथल्याच झाल्या. माझे वडीलही असेच रेल्वेच्या कारखान्यात आले होते. आमची मराठी ख्रिस्ती घरे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपासना हिंदीत, घरातली प्रार्थना मराठीत, भांडण दोन्ही भाषांत.

तपास माझ्याकडे आला तेव्हा मी वरिष्ठांना सांगितले की मी त्याच मंडळीचा सभासद आहे, दुसऱ्या कोणाला द्यावा.

"इसीलिए तो आपको दे रहा हूँ," ते म्हणाले. "मराठी घर है, चर्च का मामला है. मेरे लड़के वहाँ क्या समझेंगे?"

घरात बाई, त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात असे चौघे. मुलगा रेल्वेत गार्ड. घटनेच्या दिवशी तो गाडीवर होता. विवाहित मुलगी कानपूरला. सून जन्माने हिंदू, ब्रह्मा घाटावरच्या एका मराठी वैदिक घराण्यातली. तिने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिच्या माहेरच्यांनी ती जिवंत असताना तिचे श्राद्ध उरकले आणि तिचे नाव घेणे बंद केले. वडील त्याच वर्षी वारले. आई नंतर रामनगरला आपल्या भावाकडे राहायला गेली.

रामनगर हा शब्द आला आणि लोकांनी हिशेब जुळवला. मृतदेह रामनगरला, सुनेचे माहेर रामनगरला. आदल्या संध्याकाळी सासूसुनेचे मोठ्याने वाजले होते. मराठी न कळणाऱ्या शेजाऱ्यांनी एवढे सांगितले की आवाज चढलेले होते आणि सून रडत होती. पाठोपाठ ठाण्यात एक निनावी फोन आला. त्या सकाळी सून ओल्या साडीने, खाली मान घालून गल्लीतून घरी येताना दिसली, असे सांगणाऱ्याने सांगितले. फोन त्यांच्याच गल्लीतून आला होता.

महिलेचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा असा नियम आहे. मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन घरी गेलो. सून म्हणाली, "इथे नको, अंकल. घरी सगळे ऐकतात. मी ठाण्यात येते." तिने तसे लिहून दिले. नंतर याच गोष्टीचा बोभाटा झाला: पोलीस तिला रोज बोलावतात, म्हणजे काहीतरी असणारच.

तिचा पहिला जबाब एका ओळीचा होता. अमावस्येच्या सकाळी मी घरीच होते.

"ओली साडी?"

"कपडे धूत होते."

"गल्लीत?"

कपडे धूत होते, हेच तिने पुन्हा सांगितले. खोटे बोलणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक प्रकार बोलत सुटतो, एका खोट्याला टेकू म्हणून दुसरे देतो. दुसरा प्रकार एकच खोटे धरून बसतो आणि त्याच्यापुढे एक शब्द बोलत नाही. हा दुसरा प्रकार बहुधा स्वतःला वाचवत नसतो. हे मला नोकरीत कळले होते, पण ते पुरावा म्हणून कागदावर मांडता येत नाही.

शवविच्छेदनानंतर मृतदेह ताब्यात मिळाला त्याच दुपारी दफनविधी झाला. मूठमाती देण्याची वेळ आली तेव्हा सून पुढे सरकली. कानपूरहून आलेल्या नणंदेने तिचे मनगट धरले. "तू नको," ती म्हणाली. एवढेच. मुलगा ते पाहत होता. पाळक पाहत होते. मंडळीतले पंचही होते. सून मागे सरली आणि लेकीच्या हातात माती दिली. मुलीने ती टाकली.

संध्याकाळी घरी प्रार्थना होती. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. पाळक वयाने मोठे, स्वभावाने मऊ, आजाऱ्यांच्या उशाशी तासन्‌तास बसणारे. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली: प्रभू, या घरात जे झाकलेले आहे ते उजेडात आण. जिचे मन कठीण झाले आहे तिचे मन मऊ कर. तिला कबुलीचे धैर्य दे.

नाव त्यांनी घेतले नाही. त्या खोलीत 'जिचे' म्हणता येईल अशा पाचसहा बायका होत्या आणि एकीलाही शंका आली नाही की हे आपल्याविषयी आहे. सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. सून भिंतीला टेकून बसली होती. तिनेही 'आमेन' म्हटले, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

दुसऱ्या दिवसापासून ती मला अंकल म्हणेनाशी झाली. साहेब म्हणू लागली.

त्याच आठवड्यात नणंद ठाण्यात आली. टेबलावर तिने प्लास्टिकची पिशवी उपडी केली. त्यात पुडीत बांधलेले काळे तीळ आणि दर्भाची एक जुडी होती. बोटात घालायची दर्भाची अंगठीही होती, ओली होऊन वाळलेली.

"तिच्या कपाटात मिळालं, अंकल. साड्यांच्या खाली. टोना केलाय तिनं मम्मीवर. अब तो मानेंगे आप?"

पितृपक्षात काशीच्या प्रत्येक घाटावर हे सामान पायाखाली येते. मी सांगितले, "हा टोना नाही. तर्पणाचं सामान आहे. मेलेल्या माणसाला पाणी देतात त्याचं."

"मग हे तर त्याहून वाईट," ती म्हणाली. "आपल्या घरात? मम्मीच्या घरात?"

पिशवी मी पंचनामा करून ताब्यात घेतली. नणंदेला वाटले तिने आरोप पक्का केला. माझ्या दृष्टीने उलटे झाले होते. सर्वपित्रीच्या सकाळी तर्पण करणारी स्त्री कुठल्यातरी घाटावर, एका जागी, एखाद्या पुरोहितासमोर बसलेली असते. तिच्या आजूबाजूला शेपन्नास माणसे असतात. ओल्या साडीचा अर्थ लागला होता. तो घाट रामनगरचा नसेल तर ती सुटत होती.

मी तिला बोलावले आणि दर्भाची अंगठी समोर ठेवली.

"कुठल्या घाटावर?"

ती अंगठीकडे पाहत होती. "साहेब, हे कुणी दिलं तुम्हाला?"

"ते जाऊ द्या. घाटाचं नाव सांगा. पुरोहिताचं सांगा. आजच्या आज तुमचं नाव यातून काढतो."

"मी घरीच होते."

"ताई, हे खोटं तुम्हाला बुडवतंय."

"बुडू दे."

"मुलगी आहे तुम्हाला."

त्यावर मात्र तिने मान वर केली. "तिच्यासाठीच बोलते आहे. मागं एकदा माझ्या मावशीनं रस्त्यात प्रसाद दिला, मी तो हातात घेतला. एवढंच. हे म्हणाले होते, परत असं काही केलंस तर लेक तुझ्याजवळ ठेवणार नाही. माझं काय ते होऊ दे. पण कागदावर घाट लिहू नका."

"सासूबाईंना माहीत होतं?"

"नाही." उत्तर फार लवकर आले. "त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचं नाव यात आणू नका. लोक त्यांना देवमाणूस मानतात."

महिला कॉन्स्टेबल स्थानिक होती, मराठी तिला येत नव्हती. सून बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "सर, ये किसी को बचा रही है." मी हो म्हटले. कोणाला, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. त्या घरात वाचवण्यासारखे माणूस उरले नव्हते.

ब्रह्मा घाटावर मी साध्या कपड्यांत गेलो. पूर ओसरून फार दिवस झाले नव्हते. खालच्या पायऱ्यांवर बोट बुडेल एवढा गाळ होता आणि नावाडी पंप लावून तो धूत होते. तिचे वडील याच घाटावर स्नानाला येत, हे लोकांना आठवत होते. तर्पण सांगणाऱ्या दोन गुरुजींनी हात झटकले. तिसऱ्यांनी मला छत्रीखाली बसवले, पाणी दिले आणि मग विचारले, "पोलीस ना? येणार वाटलंच होतं."

"मग तुम्हीच का नाही आलात?"

"कुणी विचारलं नाही, साहेब. आणि आपण होऊन सांगू तरी काय? बाटलेल्या पोरीला तर्पण सांगितलं म्हणून? उद्यापासून माझ्या छत्रीखाली कोण बसेल?"

"तिला ओळखलं होतंत?"

"बापाचाच चेहरा की हो. मी नाव विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. गोत्र मात्र बरोबर बोलली. अडखळली नाही कुठे. रडून रडून वेळ फार लागला. उन्हं चांगली वर आली तेव्हा उठली."

"एकटीच होती?"

"नाही. वरच्या पायरीवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. पांढरी साडी, हातात पिशवी. तिळाची पुडी त्यांनीच विकत घेतली, त्या बनियाकडून. बघा, तो बसलाय. ही पोर सारखी उठून जायला बघायची, मागं वळायची. त्या वरून हात करायच्या. कर, कर, अशी खूण. मला वाटलं आत्या-मावशी असेल. मग इकडे हिचं चालू असतानाच त्या उतरल्या, रामनगरची नाव करून बसल्या."

गळ्यात काही होते का, असे मी विचारले. "क्रूस होता," ते म्हणाले. "पदराखाली. वाकल्या तेव्हा दिसला."

तीळ विकणाऱ्याने आणि गाळ धुणाऱ्या एका नावाड्याने तेच सांगितले. तिघांचेही जबाब मी तिथेच पायरीवर बसून लिहून घेतले. सुनेने ज्यांचे नाव आणू नका म्हटले होते त्या बाईच तिला तिथे घेऊन गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळचे भांडण त्याचेच होते. सून नको म्हणत होती, बाई जा म्हणत होत्या.

राहिला एक प्रश्न. बाईंचे रामनगरला काय काम होते?

सुनेच्या आईचे घर किल्ल्याच्या मागच्या वस्तीत होते. मी मराठीत बोललो म्हणून दार उघडले. आई खाटेवर बसून होती, भाऊ तिच्यामागे उभा. मी मुलीचे नाव घेतल्यावर भाऊ म्हणाला, "आम्हाला मुलगी नाही."

"सर्वपित्रीला तुमच्याकडे कुणी आलं होतं का, एवढंच विचारतो."

भाऊ नाही म्हणाला. आई म्हणाली, "आली होती."

"आक्का!"

"पोलीस आहेत ते. खोटं बोलू का?" मग माझ्याकडे वळून ती सांगू लागली. "दारात उभी राहिली. क्रिस्तांव. म्हणाली, मी तुमच्या मुलीची सासू. म्हटलं, श्राद्धाचा स्वयंपाक चालू आहे, आत येऊ नका. ती म्हणाली, नाही येत. तुमची मुलगी आत्ता ब्रह्मा घाटावर बापाला पाणी सोडते आहे. चला, नाव थांबवून ठेवली आहे. नुसतं लांबून बघा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"दार लावलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. आईने पदराने तोंड पुसले. "बराच वेळ ती दाराबाहेर होती. सावली दिसत होती खालून. मग गेली."

"ती वारली हे तुम्हाला कळलं होतं?"

"पेपरात आलं होतं."

"आणि मुलीवर संशय आहे, हेही?"

उत्तर भावाने दिले. "जी मेलीच आहे तिच्याविषयी आम्ही साक्ष काय द्यायची, साहेब?"

पुढचे काम तासाभराचे होते. रामनगरच्या घाटावर कपडे धुणाऱ्या दोघींनी सर्व पाहिले होते. पांढऱ्या साडीतली म्हातारी नावेत चढताना गाळावरून घसरली. डोके दगडी काठावर आपटले. ती पाण्यात गेली. नावाड्याने उडी मारली, हाती लागली नाही. त्यांनी हे त्याच दिवशी तिथल्या चौकीत सांगितलेही होते. वयस्क बाई, पितृपक्ष, मराठीसारखी भाषा. चौकीवरच्या शिपायाने ती महाराष्ट्रातून आलेली यात्रेकरू धरली आणि धर्मशाळांमध्ये चौकशी केली. आमच्या ठाण्याने बिनतारी संदेश दिला होता तो एका ख्रिस्ती महिलेचा. त्यामुळे कोणीच ही दोन वर्णने एका बाईची म्हणून जुळवली नाहीत. ती नाव बाईंना ब्रह्मा घाटावर परत नेणार होती.

शवविच्छेदनाचा अहवाल या जबाबांशी जुळला. मृत्यू अपघाती ठरला.

मी मुलगा, नणंद आणि पाळक यांना ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. सुनेलाही बसवले. बाईंचे नाव तिने आणू नका म्हटले होते, पण अंतिम अहवालात ते टाळणे शक्य नव्हते आणि ते मी तिला आधी सांगितले होते. मी बोलत होतो तेव्हा ती जमिनीकडे पाहत होती.

मुलगा पहिल्यांदा बोलला. "मम्मी ऐसा कर ही नहीं सकती."

"तीन साक्षीदार आहेत."

"घाटवाले आहेत ते, अंकल. कुछ भी बोलेंगे."

"रामनगरच्या आईनेही सांगितलं."

"हिचीच माणसं."

नणंद म्हणाली, "मारलं नसेल. मान लिया. पण मम्मीला तिथं नेलं कुणी? हिच्यामुळेच गेली ना?"

पाळकांनी हात वर करून तिला शांत केले. ते सुनेकडे वळले आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "बेटी, आम्ही सर्वांनी तुला क्षमा केली आहे."

मी विचारले, "कशाबद्दल, पास्टरसाहेब?"

"घाटावर गेल्याबद्दल," ते म्हणाले.

सून उठून उभी राहिली. "सासूबाईंना पण केली का?" तिने विचारले. "की फक्त मलाच?"

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे निवृत्तीच्या समारंभात एका पत्रकाराने विचारले होते. तिथे नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो. पोलिसाने संशय घ्यावा, तो त्याचा धंदा आहे. संशय पुढचा प्रश्न विचारायला लावतो. निवाडा झाला की प्रश्न संपतात. दुसऱ्याचा निवाडा करण्याची घाई करू नये, ही शिकवण आम्ही ख्रिस्ती मुले रविवारच्या शाळेत पाठ करतो. मी ती लहानपणापासून दयेची शिकवण समजत आलो: समोरचा दोषी असेलही, आपण कठोर होऊ नये. त्या आठवड्यात मला ती वेगळी दिसली. माणूस दुसऱ्याच्या आतले पाहू शकत नाही, एवढी साधी वस्तुस्थिती तिच्यात आहे. ज्या खोलीत सगळ्यांनी 'आमेन' म्हटले तिथे त्या घरातले झाकलेले सत्य एकट्या सुनेला माहीत होते, आणि ती मेलेल्या सासूची अब्रू राखत बसली होती. सगळे तिच्या कबुलीसाठी प्रार्थना करत होते. ती शिकवण पाठ असलेली माणसे त्या खोलीत भरपूर होती. माझ्या माहितीप्रमाणे बाईंनी ती एकदाच, घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून, पाळली. त्यांनी सुनेला काय करावे हे सांगितले, पण ती मनातून ख्रिस्ती झाली की हिंदूच राहिली हे विचारले नाही.

पुढच्या घटना थोडक्यात अशा. अंतिम अहवाल न्यायालयाने स्वीकारला. ज्या वर्तमानपत्राने सुनेवरच्या संशयाची बातमी पहिल्या पानावर दिली होती, त्याने अपघाताची बातमी दिली नाही. मुलाने बदली मागून घेतली. मुलीला तो कानपूरला बहिणीकडे ठेवून आला. सून एका खोलीत भाड्याने राहते आणि शिकवण्या घेते. तिने मंडळी सोडलेली नाही. रविवारी येते, शेवटच्या बाकावर बसते. तिच्या बाकावर दुसरे कोणी बसत नाही. कबरीवरचा दगड पुढच्या वर्षी बसवला गेला. त्यावर मुलगा, मुलगी, जावई आणि नातवंडे यांची नावे आहेत.

मुलीच्या ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात आहे. वडिलांच्या बाजूचा मुख्य मुद्दा असा की आई मुलीला ख्रिस्ती वळण देऊ शकत नाही. पुरावा म्हणून माझ्याच अंतिम अहवालाची प्रत जोडली आहे, तर्पणाचा परिच्छेद अधोरेखित करून. मागच्या तारखेला मला साक्षीसाठी बोलावले होते. वडिलांचे वकील आले नाहीत. पुढची तारीख मिळाली.

निकाल लागेपर्यंत कुठल्याही घाटावर दिसू नका, असे सुनेला तिच्या वकिलाने सांगितले आहे. या वर्षीच्या सर्वपित्रीला ती ब्रह्मा घाटावर आली नव्हती, याला गुरुजींनी दुजोरा दिला.